'म्हणे'चा झोल

सर कधीही कोणाला काही 'घ्या' म्हणाले नाहीत. गोळी तर सोडाच, पाणीसुद्धा नाही. एखाद्या मराठी पेशंटला ठसका लागला की ते आधी टेबलावरच्या ग्लासकडे बघायचे, मग पेशंटकडे, मग खिडकीबाहेर, आणि कोणालाच उद्देशून नाही अशा आवाजात म्हणायचे, "पाणी प्यायलं की थांबतो म्हणे."

ब्राउनश्वाइगमध्ये त्यांची प्राक्सिस होती. प्राक्सिस म्हणजे दवाखाना. पण 'दवाखाना' हा शब्द सरांना चालायचा नाही, कारण त्यात 'दवा' आहे. "आपल्याकडे फक्त खाना आहे," ते म्हणायचे, "आणि तोही दुपारी एकला."

मी तिथे फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करत होते, पण पूर्ण फिजिओथेरपिस्ट नव्हते. पुण्यात माझ्या नावापुढे 'डॉ.' होतं, कंसात पीटी. ते डॉ. बहुतेक विमानतळावर कस्टमवाल्यांनी ठेवून घेतलं. माझी पदवी इथे धरली जायची तर आनेरकेनुंग लागतं, म्हणजे सरकारी मान्यता, आणि त्यासाठी एखाद्या मान्यताप्राप्त फिजिओच्या हाताखाली काही महिने काम करायचं, शेवटी त्याने लिहून द्यायचं की हिला काम येतं. तोपर्यंत मी पेशंटला हात लावायचा तो सर खोलीत असताना. मान्यता नाही मिळाली तर व्हिसा संपणार आणि मी परत पुण्याला, जिथे माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न ठरत होतं आणि "मोठीचं काय?" हा प्रश्न दारात चपला काढून बसलेला होता. त्यामुळे मी तिथे फार सांभाळून राहत होते. कमी बोलत होते. तशीही मी कमीच बोलते.

सरांना ते आवडलं होतं. पहिल्याच दिवशी म्हणाले, "कमी बोलणाऱ्या माणसाचं लोक खरं मानतात. उपयोग होईल."

कसला उपयोग, ते मला नंतर कळलं.

सर मूळचे मिरजेचे. "मिरजेत दगड मारलास तर डॉक्टरला लागतो," असं ते सांगायचे, "आणि चुकून नाही लागला, तर तो मला लागतो." त्यांचं मेडिकल थोडक्यात हुकलं होतं. मग फिजिओथेरपी, मग जर्मनी, मग जर्मन बायको, मग ही प्राक्सिस. एवढं सगळं मिळूनही त्यांच्या मनात एकच गोष्ट अडकून राहिली होती: फिजिओथेरपिस्टला औषध लिहिता आलं पाहिजे. इंग्लंडमध्ये काही फिजिओंना येतं. तिथे त्याचं वेगळं शिक्षण आहे, परीक्षा आहे, मग तो पेन काढतो आणि लिहितो. सर हे अशा आवाजात सांगायचे की जसं काही इंग्लंडमध्ये फिजिओ उडतात.

"आणि इथे?" ते विचारायचे. उत्तर देणारं कोणी नसलं तरी विचारायचे. "इथे मला उशीसुद्धा लिहून देता येत नाही!"

हे खरं होतं. इथे औषध लिहिणं लांबच. पेशंटसुद्धा आपण आपल्या मनाने घेत नाही. डॉक्टरने रेझेप्टवर, म्हणजे चिठ्ठीवर, लिहायचं की अमक्याच्या अमक्या भागाला सहा वेळा व्यायाम द्या. मग आपण द्यायचा. त्याशिवाय पेशंट बघायचा तर आणखी एक परीक्षा आहे. सरांनी ती दिली नव्हती. "ज्या परीक्षेत पास होऊनही गोळी लिहिता येत नाही, त्या परीक्षेला मी बसणार नाही," हे त्यांचं तत्त्व होतं. तत्त्वापायी त्यांचं बरंच नुकसान झालं असावं, कारण काकू या विषयावर काही बोलायच्या नाहीत, फक्त कागद जोरात पंच करायच्या.

काकू म्हणजे सरांच्या बायको. त्या रिसेप्शनवर बसायच्या. लग्नानंतर त्या मिरजेला गेल्या तेव्हा घरातल्या सगळ्या बायका आपल्या नवऱ्यांना 'अहो' म्हणताना त्यांनी ऐकलं होतं. त्यांचा समज झाला की लग्न झालं की नवऱ्याचं नाव बदलून अहो ठेवतात. मुलीचं बदलतात, मुलाचंही बदलत असतील, न्याय्य आहे. तेव्हापासून त्या सरांना नावाने हाक मारल्यासारखं अहो म्हणायच्या. "अहो, टेलिफोन!" पेशंटनाही ते आडनाव वाटायचं. निम्मं ब्राउनश्वाइग सरांना 'हेर अहो', म्हणजे श्रीयुत अहो, म्हणून ओळखत होतं. सरांनी कधी कोणाची चूक सुधारली नाही. त्यांना ते आवडत असणार. जर्मन लोकांकडून अहो-जाहो करून घेणारे मिरजेतले ते एकटेच.

नियम पाळण्याची त्यांची पद्धत अशी होती की नियम करणाऱ्याला लाज वाटावी. एकदा एक इंजिनिअर आला, वोल्फ्सबुर्गला गाड्यांच्या कारखान्यात असलेला, आपल्याच नाशिकचा. उजवा गुडघा सुजलेला. रेझेप्टवर डॉक्टरने चुकून लिहिलं होतं: डावा. काकूंनी कागद परत पाठवला, पण दुरुस्त होऊन यायला वेळ लागणार होता. सरांनी त्याला झोपवलं आणि डाव्या गुडघ्यावर काम सुरू केलं.

"सर, दुखतोय तो उजवा," इंजिनिअर म्हणाला.

"कागदावर डावा आहे."

"अहो पण डाव्याला काही झालेलं नाही!"

"म्हणूनच बरा होतोय बघा किती पटापट."

मग सर डावा गुडघा वाकवत वाकवत उजव्याशी बोलायला लागले. "असं वाकवायचं असतं. मग असं सोडायचं. घरी दिवसातून तीनदा करतात." इंजिनिअर मुकाट्याने उजवा गुडघा वाकवू लागला. जाताना तो मला म्हणाला, "मॅडम, हे नॉर्मल आहेत ना?" मी हसले. मी अशा वेळी हसते; त्यातून हो आणि नाही दोन्ही निघतं.

पुढच्या वेळी दुरुस्त रेझेप्ट आला, तोपर्यंत उजव्याची सूज उतरली होती. "मी त्याला हात लावला नाही," सर म्हणाले. "तो शेजारी बसून शिकला."

पण त्यांची खरी करामत वेगळी होती, आणि ती 'म्हणे'ची.

पेशंट औषधांबद्दल विचारतातच. जर्मन असो नाही तर आपला. टेबलावर पालथं पडलं, पाठीवर कोणाचा तरी हात फिरायला लागला की माणसाला आपल्या गोळ्या आठवतात. ही घेऊ का, ती सोडू का, चारशेची चालेल का सहाशेची. याला उत्तर द्यायचा सरांना अधिकार नव्हता, आणि उत्तर तर तोंडात तयार असायचं. खोलीच्या कोपऱ्यात प्लॅस्टिकचा सांगाडा होता. माझ्या आधी सर त्याच्याशी बोलायचे, मराठीत. "बघ बाबा, हिने ती रिकाम्या पोटी घेऊ नये म्हणे," असं सांगाड्याला सांगून मोकळे व्हायचे. सरांचं मन हलकं व्हायचं, सांगाडा ऐकून घ्यायचा, आणि पेशंट बाई रिकाम्या पोटी गोळी घेत राहायची.

मग मी आले. मला मराठी कळत होतं आणि जर्मन बोलता येत होतं. सांगाड्याला वाचा फुटली.

पद्धत अशी ठरली. पेशंटने विचारलं की सर माझ्याकडे वळून मराठीत म्हणणार, "ही जेवणानंतर घेतात म्हणे." मी ते पेशंटला जर्मनमध्ये सांगणार.

"सर, पण मग सांगितलं कोणी?" मी एकदा विचारलं.

"मी पेशंटला काही सांगितलं नाही. मी माझ्या सहकारिणीशी माझ्या मातृभाषेत गप्पा मारल्या."

"आणि मी?"

"तू काय बोललीस मला काय माहीत? आणि तूही काही सांगितलं नाहीस. 'म्हणे' आहे ना त्यात! 'म्हणे'ला बाप नसतो गं. लोक घेतात म्हणे. कोण लोक? कोणास ठाऊक. आपण फक्त कानावर आलं ते पुढे दिलं. या एका शब्दावर आपले लोक शेकडो वर्षं एकमेकांची लग्नं मोडतायत, कोणाला कधी शिक्षा झाली का?"

मी इंग्लिश मीडियमची. 'म्हणे' हा शब्द आमच्या सोसायटीतल्या काकवा जिन्यात उभ्या राहून वापरायच्या तो, एवढाच मला माहीत होता. त्यात एवढी कायद्याची ताकद आहे हे मला शाळेत कोणी शिकवलं नव्हतं. सरांनी शिकवलं. मी 'म्हणे' विसरले तर ते हात वर करून मला थांबवायचे. "नुसतं 'खातात' नाही. खातात म्हणे."

जर्मनमध्ये याला एक शब्द आहे. लिहिताना तो सोल दिसतो, पण तिथले लोक त्याचा उच्चार झोल असा करतात. झोल हेल्फेन, म्हणजे गुण येतो म्हणे. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हसू आलं होतं. एखाद्या भाषेने इतकं प्रामाणिक असावं! पण या झोलमध्ये एक झोल आहे. त्याचा दुसरा अर्थ 'केलं पाहिजे' असाही होतो, आणि तोच लोकांच्या जास्त तोंडात असतो. शिवाय जर्मनमध्ये 'ते लोक' आणि 'तुम्ही' यांना एकच शब्द: झी. लिहिताना 'तुम्ही'चा झी मोठ्या अक्षराने लिहितात. बोलताना मोठं अक्षर कुठून आणणार? त्यामुळे मी 'ते घेतात म्हणे' असं म्हटलं की समोरच्या बाईला ऐकू यायचं, 'तुम्ही घेतलीच पाहिजे.'

सरांना जर्मन माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं येत होतं. त्यांच्या हे लक्षात आलं नसेल असं मला वाटत नाही. पण त्या वेळी ते पेशंटच्या पाठीवर इतकं लक्ष द्यायचे की कान बंद असल्यासारखे दिसायचे.

काकूंना मात्र हा प्रकार मान्य नव्हता. त्या एकदा मला म्हणाल्या, "अहोला गाडी चालवायची आहे. आल्झो, म्हणजे स्टिअरिंग पाहिजे, हॉर्न पाहिजे. फक्त लायसन्स दुसऱ्या कोणाच्या नावावर पाहिजे." मी परत हसले.

गणपतीत सरांचं भाषण असायचं. आमच्या मंडळाचा गणपती एका चर्चच्या हॉलमध्ये बसतो. आरती झाली की महाप्रसादाआधी सर उभे राहायचे. विषय दरवर्षी तोच: फिजिओथेरपिस्टला औषध लिहिण्याचा अधिकार, काळाची गरज. लोक शांतपणे ऐकायचे, कारण मसालेभाताची भांडी सरांच्या पाठीमागे होती आणि वाट त्यांच्यावरून होती.

"अधिकार हा मागून मिळत नाही!" सर म्हणायचे.

"सर, भात गार होतोय," मागून कोणीतरी.

"अधिकारासाठी जबाबदारी घ्यावी लागते!"

"मठ्ठा पण घ्यावा लागतो, सर."

आणि हे चालू असताना हॉलमध्ये काय चाललेलं असायचं? मुलांकडे उन्हाळ्यापुरत्या आलेल्या आया आणि सासवा पर्स उघडून बसलेल्या. प्रत्येकीच्या पर्समध्ये निम्मं मेडिकल स्टोअर. "ही घे गं, माझ्या जावेला एका दिवसात लागू पडली." "ती नको, ती उष्ण पडते, ही घे, पिवळी." पट्ट्या या हातातून त्या हातात जात होत्या, कात्रीने अर्ध्या कापून वाटल्या जात होत्या. भाषण संपल्यावर सर मला घेऊन कोपऱ्यात उभे राहिले आणि भुकेल्या माणसाने हॉटेलात बघावं तसं बघत राहिले.

"बघ," ते म्हणाले. "या हॉलमध्ये अधिकार नसलेला एकच माणूस आहे."

तेवढ्यात त्यातल्याच एक आजी आल्या. "डॉक्टर, ही कंबरेसाठी घेऊ का हो?"

"मी डॉक्टर नाही."

"ते माहितीये हो. पण घेऊ का?"

सरांनी पट्टी हातात घेतली नाही. पाठीमागे हात बांधून वाकून वाचली. "घेतात म्हणे."

"मग घेते."

"घ्या असं मी म्हटलं नाही, आजी."

"नका म्हणू. पाणी कुठे मिळेल?"

मी एकदा धीर करून विचारलं होतं, "सर, उद्या खरंच अधिकार मिळाला तर पहिलं काय लिहाल?" ते म्हणाले, "काही नाही. लिहिता येतंय आणि लिहीत नाही, याच्यासारखी चैन नाही. आत्ता मी लिहीत नाही त्याला कोण किंमत देतं?" मला वाटतं, त्या उत्तरात ते पूर्ण आले.

माझे महिने संपत आले होते, आणि तेव्हा फ्राउ लिंडेमान यांचं प्रकरण झालं.

या पोस्टातून निवृत्त झालेल्या बाई. उजवा गुडघा, आणि या वेळी कागदावरही उजवाच. नियमाच्या पक्क्या, मी दहा वेळा करा म्हटलं तर अकरावी कधी केली नाही. एका दुपारी टेबलावर पडल्या पडल्या त्यांनी विचारलं, "हेर अहो, गुडघ्याची गोळी मी आता रोज घेते. ब्लडप्रेशरचीही घेते. चालतं ना?"

सर माझ्याकडे वळले. "ब्लडप्रेशरच्या गोळीबरोबर ही रोज घेत नाहीत म्हणे. डॉक्टरला विचारतात म्हणे."

मी सांगितलं. झी, झोल, सगळं जिथल्या तिथे. फ्राउ लिंडेमान यांनी मान डोलावली आणि नंतर घरी जाऊन मी सांगितलेलं तंतोतंत पाळलं. दोन्ही एकत्र घ्यायच्या नाहीत, हा हुकूम. डॉक्टरला विचारायचं, हा दुसरा हुकूम. त्यांनी फोन केला; डॉक्टरची वेळ तीन आठवड्यांनंतरची मिळाली. मग तोपर्यंत दोन्हींपैकी एक सोडणं आलं. त्यांनी विचार केला. गुडघा दुखतो. ब्लडप्रेशर काही दुखत नाही. त्यांनी ब्लडप्रेशरची सोडली.

थोड्याच दिवसांत बेकरीच्या रांगेत त्यांना गरगरलं. बेकरीतल्या मुलीने खुर्ची दिली, ॲम्ब्युलन्स आली. सुदैवाने काही वाईट झालं नाही. गोळी परत सुरू झाली आणि दोन दिवसांत बाई घरी. पण त्यांच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं की गोळी का सोडली, तेव्हा फ्राउ लिंडेमान यांनी खरं ते सांगितलं: फिजिओमध्ये ती भारतीय मुलगी म्हणाली, घ्यायची नाही.

फोन काकूंनी घेतला. त्या ऐकत होत्या आणि "या... या... फेरश्टेहे...", म्हणजे हो, हो, समजलं, एवढंच म्हणत होत्या, पण हातातलं पेन हळूहळू खाली ठेवत होत्या. फोन ठेवून त्या सरांकडे न बघता माझ्याकडे बघून बोलल्या. डॉक्टरीणबाई तक्रार करणार होत्या, जिथे माझ्या मान्यतेची फाइल होती त्याच ऑफिसात. त्याआधी बुधवारी दुपारी दोघांनी येऊन भेटावं.

"ही अजून शिकतेय असं सांगायचं," सर म्हणाले.

"अहो."

"भाषेचा गैरसमज आहे. झोलचे दोन अर्थ..."

"अहो," काकू म्हणाल्या. "ती तिच्या आईला काय सांगणार? झोलचे दोन अर्थ?"

सर व्यायामाच्या खोलीत गेले आणि तिथले मोठे रबरी चेंडू एकेक करून पुसायला लागले. मी माझ्या खोलीवर जाऊन परतीच्या तिकिटांचे दर बघितले. आईला फोन केला, आणि बहिणीच्या साखरपुड्याच्या साड्यांबद्दल बरंच बोलले.

बुधवारी आम्ही चालतच गेलो. दोन रस्ते पलीकडे तर दवाखाना. आमचे निम्मे रेझेप्ट तिथूनच यायचे. त्या बाई रागावल्या तर प्राक्सिसचे निम्मे पेशंट जाणार, हे न सांगता सगळ्यांना माहीत होतं. वाटेत सर स्वतःशी पुटपुटत होते. मला शब्द ऐकू येत होते: "सांगितलं गेलं... सांगण्यात आलं... सांगितलं गेलं असावं..." मराठीत पळून जायला किती दारं आहेत, ते मला त्या दहा मिनिटांत कळलं.

डॉक्टरीणबाई सरांपेक्षा बऱ्याच तरुण होत्या. चिडलेल्या नव्हत्या, चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. कीबोर्ड समोर ओढून त्यांनी मला विचारलं, "तुम्ही पेशंटला ब्लडप्रेशरची गोळी सोडायला सांगितलं?"

माझं जर्मन अशा वेळी मला सोडून जातं. या वेळी माझं हसूसुद्धा गेलं.

"तसं काही सांगण्यात आलं असेल म्हणे," सर जर्मनमध्ये म्हणाले. अर्थात झोल वापरून.

"कोणाकडून?"

"प्राक्सिसमध्ये."

"प्राक्सिस बोलत नाही. कोण बोललं?"

"आमच्या भाषेत अशा वाक्याला कर्ता लागत नाही."

"आमच्या भाषेत लागतो, हेर अहो," त्या म्हणाल्या. अहो हे त्यांनाही आडनावच वाटत होतं. "हा कागद माझ्या भाषेत जाणार आहे. कर्ता नसेल तर मला पेशंटने सांगितलेला लिहावा लागेल." आणि त्यांनी माझ्याकडे बघितलं. माझं आडनाव कसं लिहायचं, असं विचारलं.

मी पहिलं अक्षर सांगितलं.

सर सवयीने खिडकीकडे वळले. पडदा खाली ओढलेला होता. बघायला काही नव्हतं. त्यांची मान तशीच वळलेली राहिली, आणि तिकडेच बघत ते म्हणाले, "इश."

जर्मनमध्ये मी म्हणजे इश. पण आपल्या कानाला ते नव्या नवरीने लाजून म्हटल्यासारखंच ऐकू येतं, आणि सरांनी ते म्हटलंही तसंच. साठीच्या माणसाचे कान लाल झाले होते.

"काय?" डॉक्टरीणबाई.

"इश. मी. मी सांगितलं." ते आता पुढे वळले. "गुडघ्याची गोळी ब्लडप्रेशरच्या गोळीबरोबर रोज घेऊ नका आणि डॉक्टरला विचारा, असं मी सांगितलं. मराठीत. हिने ते जर्मनमध्ये केलं कारण मी तिला करायला लावलं. गेले कित्येक महिने लावतोय. ती मान्यतेसाठी माझ्यावर अवलंबून आहे. नाही कशी म्हणणार?"

त्या सगळं टाइप करत गेल्या.

"पेशंटला औषधाबद्दल सांगायचा तुम्हाला अधिकार नाही, हे माहीत आहे?"

"गेनाऊ, अगदी बरोबर," सर म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात अचानक गणपतीच्या भाषणाची धार आली. "तीस वर्षं हेच तर सगळ्यांना सांगतोय मी!"

डॉक्टरीणबाईंनी वर बघितलं. बहुतेक त्यांना कळलं नाही की हा माणूस गुन्हा कबूल करतोय की मागणी मांडतोय. "आणि ही गुडघ्याची गोळी रोज घ्यायला कोणी सांगितलं? माझ्याकडे नोंद नाही. हाडांच्या डॉक्टरकडेही नाही. मी फ्राउ लिंडेमानना विचारलं."

"मग?"

"शेजारणीने. तिच्या नवऱ्याच्या उरल्या होत्या."

"शेजारणीवर तक्रार करणार?" सरांनी अगदी खऱ्या उत्सुकतेने विचारलं.

"शेजारणीवर कसली तक्रार? ती शेजारीण आहे."

सर माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, "बघितलंस? इथेही तेच." मग त्यांच्या लक्षात आलं की आपण माझ्याकडे वळून मराठीत बोललो, आणि त्यांनी घाईघाईने तेच जर्मनमध्ये डॉक्टरीणबाईंना सांगितलं. त्या पहिल्यांदाच थोड्या हसल्या. मला म्हणाल्या, "तुमच्याबद्दल मी काही लिहीत नाही. पण यापुढे कोणाचं काही भाषांतर करताना आधी विचारा, हे तुमचं स्वतःचं काय?"

मी हो म्हटलं. माझा आवाज मला नीट ऐकू आला.

बाहेर आलो तर सर चालेचनात. ट्रामच्या थांब्याजवळ उभे राहिले. प्राक्सिस दोन रस्त्यांवर, ट्रामने जायचा प्रश्नच नव्हता. पण ते तिथल्या बाकावर बसले.

"तुला स्क्रीन दिसत होता ना?"

"दिसत होता."

"काय टाइप केलं बाईने?"

"तुमचं नाव. खरं नाव. आणि पुढे, पेशंटला औषधाबाबत सूचना दिली."

"दिली? दिली म्हणे नाही?"

"नाही सर. दिली."

मी घाबरले, मला वाटलं, आता पेशंट जातील, प्राक्सिसला नोटीस येईल, हा माणूस माझ्यामुळे अडचणीत आला. त्यातलं काही पुढे झालंही. समज देणारं पत्र आलं, डॉक्टरीणबाईंकडून येणारे रेझेप्ट त्या वर्षी कमी झाले, आणि काकूंनी शनिवारीही प्राक्सिस उघडायला सुरुवात केली. मी त्यांना तेव्हा बाकावर बसून काहीतरी समजुतीचं बोलायला गेले.

"सर, तुम्ही माझ्यासाठी..."

"थांब गं," ते म्हणाले. ते नुसते बसले नव्हते, मजेत होते. "एका जर्मन डॉक्टरने, स्वतःच्या हाताने, स्वतःच्या लेटरहेडवर लिहिलंय की औषधाबाबतची सूचना या फिजिओने दिली. सही शिक्का मारून! असं इंग्लंडबाहेर कोणाचं झालंय?"

"ती तक्रार आहे, सर."

"असेल. कागद आहे ना?"

महिनाभराने माझं आनेरकेनुंग पोस्टाने आलं. काकूंनी पाकीट फोडलं, मला मिठी मारली, आणि केक मागवला. सर तेव्हा एका पेशंटचा खांदा फिरवत होते. मी दारातून कागद दाखवला. त्यांनी लांबूनच मान वाकवून तो वाचला, शिक्का तपासला, आणि पुन्हा खांद्याकडे वळत म्हणाले,

"तुझं जरा उशिरा आलं. माझं बुधवारीच आलं होतं."